आधी हौद, मग डबा

माझ्या ताब्यात अकराशे मासे आहेत आणि ते सगळे पोटभर जेवतात. घरी वडील एकच आहेत, ते जेवत नाहीत.

हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी बाबांना काट्यावर उभं केलं, एकोणपन्नास किलो चारशे ग्रॅम असं कागदावर लिहिलं आणि मला दाराशी नेऊन म्हणाले, "रिपोर्ट सगळे चांगले आहेत. पोट चांगलं, यकृत चांगलं, दात तर माझ्यापेक्षा चांगले. पण अठ्ठेचाळीसच्या खाली गेले तर नाकातून नळी घालावी लागेल." आत बाबा वाकून चपला शोधत होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण घरी येताना बसस्टॉपवर ते एकदम म्हणाले, "नळीनं खायला घालायची पद्धत आपल्याकडे कधीच नव्हती."

आपल्याकडे म्हणजे मत्स्यकेंद्रात. बाबांनी तिथे एकतीस वर्षं माशांना हातानं खायला घातलं. मग यंत्र आलं आणि बाबा निवृत्त झाले. यंत्राकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला घेतलं. एका माणसाच्या जागी दोघे लागले, याचा खरं तर बाबांना अभिमान वाटायला हवा होता.

माझ्या हुद्द्याचं नाव तांत्रिक सहायक असं आहे, पण खरं काम उष्टं मोजायचं. एका लांबलचक शेडमध्ये बारा गोल हौद आहेत. प्रत्येकावर एक यंत्र लटकतं. ते सकाळी अकराला आणि दुपारी चारला खाद्याचे दाणे टाकतं. अर्ध्या तासानं मी प्रत्येक हौदातून पाणी बाहेर जातं तिथे लावलेली जाळी काढतो आणि तिच्यात अडकलेले, कुणी न खाल्लेले दाणे चिमट्यानं मोजून वहीत लिहितो. हौद तीन, शिल्लक चौदा. हौद चार, शिल्लक दोन. नातेवाईक विचारतात, काय करतोस, तर मी सांगतो संशोधन. ते खोटं नाही. संशोधन मॅडम करतात, मी त्यांच्या शेजारी उभा असतो.

मॅडमना हे शोधायचं आहे की माशाला भूक लागली हे माशाला कोण सांगतं. आपण समजतो भूक पोटात लागते. मॅडमच्या मते पोट नुसतं चिठ्ठ्या पाठवतं. रिकामं झालं की रक्तातून मेंदूला चिठ्ठी जाते, काहीतरी पाठवा. भरलं की आतडं दुसरी पाठवतं, पुरे. अंगावर चरबी साठली की ती कळवते, उद्याचीही घाई नाही. आणि घाबरलेल्या माशाच्या रक्तात आणखी एक चिठ्ठी फिरत असते, ती बाकीच्या कुणाला वाचूच देत नाही. या चिठ्ठ्यांना संप्रेरकं म्हणतात. यातली गंमत अशी की रोज ठरल्या वेळी खायला घातलं तर काही जातींचे मासे भुकेची चिठ्ठी आधीच लिहून तयार ठेवतात. आमचे मासे अकराला दहा मिनिटं कमी असताना यंत्राखाली जमतात आणि वर बघत राहतात. त्यांच्याकडे घड्याळ नाही. माझ्याकडे आहे, तरी मी उशिरा पोचतो.

एवढं ज्ञान हाताशी असताना घरचा माणूस उपाशी राहतो, ही मला बेइज्जती वाटली. मी बाबांवर पद्धतशीर काम सुरू केलं.

आधी प्रकाश. माशांना उजेड ठरल्या वेळी लागतो, म्हणून जेवणाच्या बिनखिडकीच्या खोलीतला दिवा मी टायमरवर लावला. तो बरोबर एकला लागायचा आणि दीडला जायचा. आई दीड वाजता अंधारात ताटं उचलताना जे बोलायची ते इथे लिहीत नाही. मग दाण्याचा आकार. लहान तोंडाला लहान दाणा, हा आमच्याकडचा नियम. मी बटाट्याचे इतके बारीक तुकडे केले की बाबांनी चष्मा मागितला. चष्मा लावून त्यांनी ते नीट पाहिले आणि ताट सरकवलं. मग संगत. एकटा मासा खात नाही, दुसरा खाताना दिसला की खातो. म्हणून मी शेजारच्या काकांना आठवडाभर जेवायला बोलावलं. काका समोर बसून मन लावून जेवले. आठवड्यात त्यांचं वजन दीड किलोनं वाढलं आणि बाबांचं दोनशे ग्रॅमनं घटलं. सरासरी काढली तर प्रयोग यशस्वी होता.

रोज रात्री जेवणानंतर मी बाबांच्या ताटातलं उष्टं मोजायचो. आईनं एकदा मला भाताची शितं चिमट्यानं मोजताना पकडलं.

"हे काय चाललंय?"

"शिल्लक काढतोय. एकशे बारा."

"घरात माणूस आहे रे, हौद नाही," आई म्हणाली. तिनं चिमटा घेतला आणि कुठे ठेवला ते आजतागायत सांगितलेलं नाही.

बाबा या सगळ्याला विरोध करत नव्हते, हेच वाईट होतं. पूर्वी मीठ कमी पडलं तरी ते एवढं मोठं भाषण द्यायचे. आता ते ताटाकडे असं बघायचे, जसं आपण दुसऱ्याच्या नावानं आलेल्या पत्राकडे बघतो. दोन घास खायचे, आईच्या समाधानासाठी तिसरा तोंडात धरून ठेवायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. दिवसभरात ते एकच प्रश्न विचारायचे, तोही मी संध्याकाळी घरी आलो की.

"खाल्लं का त्यांनी?"

"सगळं खाल्लं बाबा. सातमध्ये तर एक दाणा शिल्लक नाही."

"बरं," म्हणून ते भिंतीकडे तोंड करायचे.

मला वाटायचं चांगली बातमी ऐकून माणूस खुलतो. म्हणून मी आणखी चांगली बातमी द्यायचो. यंत्र एक दाणा वाया घालवत नाही. मासे पूर्वीपेक्षा जाड झालेत. मॅडम म्हणतात असं खाणं त्यांनी कधी पाहिलं नाही. आठ महिने मी न चुकता हे केलं.

एकदा भांडी घासता घासता आई म्हणाली, "एक विचारू? तू रोज येऊन त्यांना सांगतोस की त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मग त्यांनी खायचं तरी कशासाठी?"

मी भांडी पुसायला लागलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आईला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "खाल्लं का त्यांनी?"

मी चप्पल काढत म्हणालो, "सात नंबर खात नाहीये."

बाबा उठून बसले. गेल्या कित्येक दिवसांत ते आधार न घेता उठले नव्हते.

"कधीपासून?"

"परवापासून."

"पाण्याचं तापमान?"

"नेहमीचंच."

"तळाशी बसतायत की कडेनं फिरतायत?"

असा प्रश्न येईल याची मी तयारी केली नव्हती. खोटं बोलायचं म्हणजे आधी अभ्यास लागतो. मी म्हणालो, "दोन्ही."

"दोन्ही कसं असेल?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. सात नंबर हा त्यांचा हौद होता. त्यातले अंड्यांसाठी ठेवलेले जुने मासे त्यांनी बोटाएवढे असल्यापासून वाढवले होते. "उद्या मी येतो."

रात्रभर मला झोप लागली नाही असं म्हणायला हरकत नाही, पण लागली. सकाळी सातला पोचून मी सात नंबरच्या यंत्राचं बटण बंद केलं. आदल्या दुपारी चारनंतर त्यांना काही मिळालं नव्हतं आणि आता अकरालाही मिळणार नव्हतं. माझा बेत साधा होता. यंत्र दाणे टाकणार नाही, बाबा टाकतील, मासे खातील, बाबांना वाटेल आपल्याच हातचं खातात. बेतात एकच खोट होती. बाबांना माशांबद्दल माझ्यापेक्षा एकतीस वर्षं जास्त माहिती होती.

मॅडम दुपारपर्यंत बाहेर होत्या. मी बाबांना मागच्या दारानं आत घेतलं. त्यांनी सवयीनं खुंटीवरचे गमबूट घातले, जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवले आणि मी दाखवायच्या आधी सात नंबरकडे चालू लागले. अकराला दहा कमी होते. मासे वर जमले होते. बाबा कडेला उभे राहिले, तसे ते यंत्राखालून निघाले आणि बाबांच्या समोर आले.

बाबांनी बराच वेळ बघितलं.

"हे रुसलेले नाहीत," ते म्हणाले. "रुसलेला मासा माणसाकडे पाठ करतो. हे माझ्या बोटांकडे बघतायत. तू यांना उपाशी ठेवलंस."

"एकच वेळ, बाबा. तीही अजून पुरती टळली नाही."

"आणि माझ्याशी खोटं बोललास."

"ते दोन वेळा."

त्यांनी मला गाढव म्हटलं नाही. मुका जीव, बोलता येत नाही, त्याला तू आपल्या कामासाठी उपाशी ठेवतोस, एवढंच म्हणाले, आणि तेही हळू, मासे ऐकतील म्हणून हळू. मग हात पुढे केला. मी त्यांचा मग दिला. जुना पत्र्याचा मग, कान तुटलेला, जो यंत्र आल्यापासून खिळे ठेवायला वापरत होतो. खिळे काढून मी त्यात दाणे भरले. बाबांनी मग हौदाच्या काठावर दोनदा वाजवला. पहिला टोला जोरात, दुसरा हळू.

पाणी उकळावं तसं झालं. यंत्राखाली मासे खातात तेव्हाही खळबळ होते, पण ती ऑफिस सुटल्यासारखी असते. ही शाळा सुटल्यासारखी होती. बाबा मूठमूठ दाणे फेकत होते. एका ठिकाणी नाही, सगळीकडे, मागे राहिलेल्यांसाठी वेगळे. त्यांचा शर्ट भिजला, चष्मा भिजला. मी टॉवेल शोधायला वळलो आणि तेवढ्यात मला एक आवाज आला. लांब, खालून वर येणारा, मध्येच अडणारा. मला वाटलं पंपात हवा शिरली. मी पंपाला कान लावला. पंप ठीक होता.

आवाज बाबांच्या पोटातून येत होता.

पोटात कावळे ओरडतात म्हणतात, पण आठ महिने गप्प बसलेले कावळे एकदम ओरडले की काय होतं ते मी तेव्हा ऐकलं. बाबांनीही ऐकलं. ते थोडे लाजले.

"डबा आहे का रे?"

"माझा आहे. पाव, अंडं आणि बटाटा. मोठे तुकडे आहेत."

"आण."

ते हौदाशेजारच्या उलट्या बादलीवर बसले. ही बादली तिथे का ठेवलेली असते हे मी कधी विचारलं नव्हतं. तिथेच त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि जेवू लागले. "आधी हौद, मग डबा," एक घास झाल्यावर ते म्हणाले. "एकतीस वर्षं. यांचं झाल्याशिवाय माझं नाही. हे असे उसळले की मला भूक लागायची. घरी ताट समोर येतं, पण उसळत कुणीच नाही."

मी समोर जमिनीवर बसलो होतो. ते अंडं खाताना मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि बघतोय हे दिसू नये म्हणून वहीत लिहीत होतो. काय लिहिलं ते नंतर पाहिलं. हौद सात, बाबा, असं लिहून पुढे काही नव्हतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. दुपारपर्यंत येणार नव्हत्या त्या. त्यांच्या हातात रक्त काढायच्या सुयांची पेटी होती, आणि तेव्हा मला आठवलं की आज सात नंबरचं रक्त काढायचा दिवस होता. महिनाभर एकाच पद्धतीनं, ठरल्या वेळी, यंत्रानंच खायला घातलेल्या माशांचं.

मॅडमनी भिजलेले बाबा पाहिले, पत्र्याचा मग पाहिला, बंद यंत्र पाहिलं. बाबा उभे राहायला लागले. मॅडम म्हणाल्या, "बसा, बसा. जेवताना उठू नये." मग माझ्याकडे वळून, "बोला."

मी सगळं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता, बाबांच्या ओठाला अंडं लागलेलं होतं.

"म्हणजे एक वेळ उपाशी, मग मगाचा आवाज, मग ओळखीचा माणूस," मॅडम म्हणाल्या. "आता यांच्या रक्तात तुमचे वडील आहेत. हा हौद प्रयोगातून बाद."

"चूक माझी आहे, मॅडम," मी म्हणालो.

"ते तुम्ही न सांगताही कळलं असतं. पुढचे दोन महिने बाराही हौद तुम्ही धुवायचे, एकट्यानं. आणि बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, प्रयोग संपेपर्यंत. यात मी काही करू शकत नाही, काका. बाकीच्या अकरा हौदांतले मासेही तुम्हाला ओळखतात."

बाबांनी मान हलवली. नियम त्यांना माहीत होते. त्यातले निम्मे त्यांनीच पाळायला शिकवले होते.

मॅडम निघाल्या आणि परत आल्या. "पोट कधी वाजलं म्हणालात?"

"खळबळ सुरू झाल्यावर. तीन-चार मिनिटांनी."

त्यांनी ते लिहून घेतलं. "तुम्ही घरी दिवा लावलात, तुकडे बारीक केलेत, पंगतीला माणूस बसवलात," त्या म्हणाल्या. "हे सगळं माशाचं झालं. तुमच्या वडिलांना भूक कशानं लागते हे कुणी विचारलं का?" मग त्या सहा नंबरकडे गेल्या. एक सुई त्यांनी उगाचच परत पेटीत ठेवली.

बाबांना मी बसमध्ये बसवून दिलं. डबा रिकामा होता. पण संध्याकाळच्या ताटात त्यांनी पुन्हा दोन घास खाल्ले, तिसरा धरून ठेवला. त्या आठवड्याच्या शेवटी काट्यावर अठ्ठेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. डॉक्टरांनी नळी कशी असते ते दाखवलं. मऊ असते, ते म्हणाले. बाबांनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि परत दिली, दुकानदाराला परत द्यावी तशी.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना मी घरी फोन लावला.

"आई, बाबांना ताट वाढ."

"आत्ता? अकराला कोण जेवतं?"

"वाढ तर. आणि फोन ताटाशेजारी ठेव. स्पीकर लाव."

सात नंबर प्रयोगातून बाद होता, म्हणजे त्याला हातानं घालायला कुणाची ना नव्हती. मी मग काठावर दोनदा वाजवला. मूठभर दाणे टाकले आणि दुसऱ्या हातानं फोन पाण्यावर धरला. मासे उसळले. फोन भिजला, मी भिजलो. मॅडम शेजारून गेल्या आणि चालता चालता म्हणाल्या, "पडला तर मासे तो खाणार नाहीत. शिल्लक एक लिहावी लागेल."

चार मिनिटं फोनमधून काहीच आलं नाही. मग आईचा आवाज आला, दबका, जणू खोलीत बाळ झोपलंय. "अरे, यांचं पोट वाजलं."

त्यानंतर बाबांचा. "दुसरा टोला हळू असतो. तू दोन्ही जोरात वाजवतोस. घाबरतील ना."

तेव्हापासून आमच्या घरी दुपारचं जेवण अकराला असतं. शेजारच्या काकांना हे उशिरा कळलं, आता ते साडेदहालाच येतात. दोन आठवड्यांनी एकोणपन्नास किलो शंभर ग्रॅम झाले. डॉक्टरांनी कुठलं औषध चालू केलं असं विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी कागदावर 'कौटुंबिक प्रयत्न' असं लिहिलं.

काल मात्र वेगळं झालं. मी मग वाजवला, पहिला जोरात, दुसरा हळू, दाणे टाकले, फोन धरला. मासे आले, उसळलेही, मला काही वेगळं वाटलं नाही. पण फोनमधून बाबा म्हणाले, "थांब. पुन्हा टाक."

मी पुन्हा टाकले.

"पातळ वाजतंय," बाबा म्हणाले. "डावीकडचे येत नाहीयेत. हवेची नळी बघ."

"बाबा, ठीक आहे सगळं. तुम्ही जेवा, गार होईल."

"आधी ते बघ."

"ताट समोर आहे ना तुमच्या?"

"आहे. भूकही आहे. पण आधी हौद."

मी बाही वर करून डाव्या बाजूला हात घातला. हवेची नळी पीळ पडून दुमडली होती, बुडबुडे जवळजवळ बंद. सरळ केली. बुडबुडे आले. मासे हळूहळू डावीकडे पसरले. मी मूठभर दाणे टाकले, मग आणखी एक मूठ, मागे राहिलेल्यांसाठी वेगळी. या वेळी पाणी माझ्या तोंडावर उडालं.

फोन कानाला लावला. बाबांच्या चावण्याचा आवाज येत होता. सावकाश, एका बाजूनं, त्यांच्या चांगल्या दातांनी. मी उलट्या बादलीवर बसलो, तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिलो आणि मग आईला विचारलं, "शिल्लक?"

"चिमटा नाहीये माझ्याकडे," आई म्हणाली. मग ताट उचलल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "काही नाही रे. ताट पुसून खाल्लंय."

मग मी माझा डबा उघडला.